गचका कोणाच्या खात्यावर?

संपादकांचे पत्र आले तेव्हा यंदाच्या अंकाचा विषय त्यात एकाच शब्दात कळवलेला होता: माप. सराफाचा काटा, शिंप्याची फीत, मोजणीदाराची साखळी, वैद्याच्या बोटांखालची नाडी हे सगळे मार्ग इतर लेखकांनी आधीच अडवून ठेवले असणार, असे गृहीत धरून मी असे एक माप निवडले, जे मराठवाड्यातला प्रत्येक प्रवासी रोज आपल्या पाठीच्या कण्याने घेतो आणि ज्याची नोंद मात्र त्याच्या नावावर कोणत्याही दप्तरात होत नाही. लातूर आणि नांदेड यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हा चाकूर, अहमदपूर, लोहा अशी गावे घेत जातो. माझा प्रवास त्या दिवशी त्याला फुटणाऱ्या एका आतल्या रस्त्याने, काळ्या-पिवळ्या जीपच्या मागच्या बाकावरून चालला होता, आणि शेजारच्या पागोटेवाल्या वृद्ध गृहस्थांनी तिसऱ्या दणक्याला रस्त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार आरंभला, तेव्हा चालकाने आरशातून पाहत शांतपणे उत्तर दिले, "मामा, रोडला कशाला नावं ठेवायलाव? शॉकअप गेलंय माझ्या गाडीचं."

मामा गप्प बसले. मी मात्र वहीत तेवढेच वाक्य उतरवून घेतले, कारण गेले पाऊण शतक देशोदेशीचे रस्ते-अभियंते ज्या प्रश्नाशी झुंजत आले आहेत, तो त्या चालकाने नऊ शब्दांत मांडून टाकला होता. गाडीच्या आत जाणवलेला गचका हा रस्ता आणि गाडी यांच्या भागीदारीतला व्यवहार असतो. त्यातला किती भाग रस्त्याच्या खात्यावर लिहायचा आणि किती गाडीच्या, हे ठरल्याशिवाय त्या गचक्याचा आकडा कितीही दशांश चिन्हांपर्यंत काढला, तरी तो निव्वळ तक्रारीचाच एक प्रकार राहतो.

काळ्या जमिनीची लहर

या भागात हा प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण येथे रस्त्याखालची जमीन स्वस्थ बसत नाही. बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेल्या काळ्या कापूस-जमिनीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून अशी दुभंगते की, भेगेत उभी काठी सहज उतरावी. रस्त्याच्या मध्यभागाखालची माती डांबराच्या पांघरुणामुळे वर्षभर जवळपास सारख्याच ओलाव्यात असते. साइडपट्टीखालची माती मात्र पावसाळ्यात भरते आणि चैत्र-वैशाखात रिती होते. परिणामी बाहेरच्या अंगाची चाकोरी आतल्या चाकोरीपेक्षा अधिक हलते, काठाला समांतर लांब भेगा पडतात, आणि जेथे बाभूळ किंवा कडुनिंब जवळ आहे तेथे झाड मुळांनी ओल ओढून घेत असल्याने रस्ता त्या बाजूला किंचित बसतो.

चाकोरी हा शब्द येथे मी मूळ अर्थाने वापरतो आहे. बैलगाडीच्या चाकांनी पाडलेल्या या रेघेला आपण पुढे लाक्षणिक अर्थ चिकटवला आणि 'चाकोरीबद्ध' हे दूषण बनवले. रस्त्याचे माप घेणाऱ्याला मात्र चाकोरी हीच एकमेव खरी जागा असते. सगळा रस्ता कोणी मोजत नाही. चाके जेथून जातात त्या दोन रेषा मोजायच्या असतात, आणि बाकीचा रस्ता त्यांच्या दृष्टीने केवळ शेजार.

पाचवे चाक

नांदेडच्या विष्णुपुरीकडच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त अभियंत्यांकडे मी गेलो, तेव्हा त्यांनी चहा येण्याआधीच कागदावर एक चाक काढले. "आमच्या वेळी आम्ही याला पाचवं चाक म्हणत असू," ते म्हणाले, "जीपच्या मागे जोडलेलं, एकटंच." त्याचे अधिकृत नाव बंप इंटिग्रेटर. एका चाकाची ही छोटी गाडी, तिला दोन बाजूंना पाटे, हादरे शोषणारी जोडी, आणि वर एक एकत्रक यंत्र. चाक वरखाली होते तेव्हा चौकटीच्या संदर्भातली त्याची एकाच दिशेची हालचाल हे यंत्र एकमार्गी पकडीने पुढेपुढे मिळवत जाते. उलट दिशेची हालचाल ते सोडून देते, नाहीतर वर गेलेले खाली आल्याबरोबर बेरीज शून्यावर आली असती. किती अंतर गेले हे चाकाच्या फेऱ्यांवरून मोजायचे, आणि एका किलोमीटरमागे एकूण किती मिलिमीटर उसळी झाली हा भागाकार काढायचा. वेग ताशी ३२ किलोमीटर, त्यात फार तर एखाद्या किलोमीटरचे इकडेतिकडे. चाकातली हवाही ठरलेली. इंडियन रोड्स काँग्रेसने या विषयावर १९७७ साली एक मार्गदर्शिका काढली, ती २००४ मध्ये सुधारली. २००४ च्या त्या आवृत्तीच्या हिशेबाने डांबरी काँक्रीटचा पृष्ठभाग किलोमीटरला २००० मिलिमीटरपर्यंत उत्तम, ३००० पर्यंत मध्यम, आणि त्यापुढे निकृष्ट.

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. ज्या काँग्रेसची ही मार्गदर्शिका, ती १९३४ साली स्थापन झाली, आणि तिच्या मुळाशी १९२७ ची एक समिती आहे, जिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. मोटारींच्या पेट्रोलवर कर बसवून त्या पैशातून रस्ते करावेत, ही आज सर्वांना स्वाभाविक वाटणारी कल्पना त्या समितीच्या शिफारशीतून अमलात आली. जयकरांचे नाव आपण घटना समिती आणि पुणे विद्यापीठ यांच्या संदर्भात घेतो. डांबराच्या संदर्भात कोणी घेत नाही.

पाचव्या चाकाची अडचण अशी की, त्याला ओढत नेणे कष्टाचे, आणि रहदारीत ते त्रासाचे. म्हणून पुढे तेच एकत्रक यंत्र थेट जीपच्या मागच्या आसाच्या वर, गाडीच्या तळाला बसवण्याची प्रथा पडली: आसाला एक तार जोडायची, आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यातले अंतर जसजसे कमी-जास्त होईल तसतशी ती यंत्र फिरवत जाते. स्वस्त, सुटसुटीत, कोणत्याही गाडीला लागणारे. पण याच ठिकाणी आपल्या चालकाचा आक्षेप दत्त म्हणून उभा राहतो. ओढत्या चाकाचे पाटे आणि शॉकअप निदान ठरीव मापाचे तरी होते. आता मोजणारे शॉकअप म्हणजे बाजारातून आणलेल्या जीपचे शॉकअप, जे नवे असताना एक बोलते, वीस हजार किलोमीटरनंतर दुसरे, आणि मागच्या बाकावर दोन माणसे बसली की तिसरेच.

"म्हणजे माळेगावच्या यात्रेतल्यासारखं," अभियंते म्हणाले. लोहा तालुक्यातल्या खंडोबाच्या या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि जाणता खरीददार घोड्याची चाल पाहण्यासाठी त्याला सपाट जमिनीवर चालवायला लावतो, कारण जमीन ठाऊक असली म्हणजे चालीतली खोड घोड्याची हे कळते. "आमचं उलटं आहे. आम्हाला जमीन ओळखायची असते, म्हणून आधी घोडा ओळखून घ्यावा लागतो."

ब्राझिलियाची एकोणपन्नास तुकड्यांची परीक्षा

घोडे ओळखण्याचा सर्वांत मोठा प्रयोग १९८२ साली ब्राझीलच्या राजधानीभोवती झाला. ज्या वर्षी उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला, तेच हे वर्ष. दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, पण वहीत ते शेजारी लिहिले गेले आणि खोडवले नाहीत. जागतिक बँकेच्या पुढाकाराने ब्राझील, अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स आणि बेल्जियम येथली मंडळी आपापली उपकरणे घेऊन तेथे जमली. डांबरी काँक्रीट, पातळ डांबरी थर, मुरूम, निव्वळ माती अशा ४९ तुकड्या निवडल्या, प्रत्येकी ३२० मीटरच्या, आणि सगळी यंत्रे त्याच तुकड्यांवरून, वेगवेगळ्या वेगांनी, पुन:पुन्हा नेली. या खटाटोपाची गरज का पडली, तर तोवर प्रत्येक देशाचा खडबडीतपणा स्वतंत्र होता: केनियातला आकडा भारतात लावता येत नव्हता आणि भारतातला ब्राझीलमध्ये, आणि रस्त्याच्या अवस्थेचा वाहनखर्चावर होणारा परिणाम मात्र सर्वांनाच आजमावायचा होता. आपल्याकडेही दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने याच सुमारास असे मोठे सर्वेक्षण केले होते.

त्या परीक्षेतून जे निघाले ते मला कल्पकतेच्या दृष्टीने फार सुंदर वाटते. कोणत्याही कंपनीची गाडी प्रमाण मानायची नाही, कारण ती झिजेल, विकली जाईल, तिचे उत्पादन बंद पडेल. त्याऐवजी केवळ गणितात अस्तित्वात असलेली, एका चाकाची, एका स्प्रिंगची, एका शॉकअपची, म्हणजे मोटारीच्या चतुर्थांशाइतकी एक गाडी कल्पायची, रस्त्याची चढउताराची रेषा प्रत्यक्ष मोजून घ्यायची, त्या रेषेवरून ही कल्पित गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने चालवायची, आणि तिची स्प्रिंग एकूण किती दबली-ताणली ती बेरीज अंतराने भागायची. या मापाला आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक म्हणतात आणि अभियंते त्याला आयआरआय म्हणून मोकळे होतात. त्या गाडीचे 'गोल्डन कार' हे टोपणनाव अन्वर्थकच आहे: तिचे शॉकअप कधीच जात नाही.

जागतिक बँकेच्या त्या अहवालांनी उपकरणांच्या चार श्रेणी पाडल्या. पहिल्या दोन श्रेणींत रेषाच मोजणारी साधने, अधिक अचूक आणि कमी अचूक. तिसरीत गाडीच्या हालचालीवर चालणारी, पण माहीत असलेल्या तुकड्यांवर पडताळून घेतलेली. चौथीत न पडताळलेली यंत्रे आणि माणसाची मते, एकाच ओळीत. हे वाचताना मला महसुलातली नजर आणेवारी आठवली. पिकाकडे नुसते पाहून केलेला अंदाज आणि ठरलेला चौरस आखून, पीक कापून, मळून, वजन करून केलेला पीक कापणी प्रयोग यांतला फरक ज्या प्रदेशात दुष्काळ पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर ठरत आला, तेथील शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. न पडताळलेल्या यंत्राचा आकडा ही नजर आणेवारीच. फक्त ती छापील कागदावर येते.

पहाटेची दुर्बीण

कापणी प्रयोग पाहण्याचा योग अहमदपूरच्या अलीकडे आला. एका खासगी सर्वेक्षण मंडळीने कमी रहदारीच्या रस्त्यावर २०० मीटरची तुकडी आखली होती, आणि त्याच तुकडीवरून तीन उपकरणे चालवून कोण किती खरे बोलते हे पाहायचे होते: तळाला बंप इंटिग्रेटर बसवलेली जीप, पुढच्या बंपरवर लेसर असलेली मोटार, आणि काचेवर चिकटवलेला एक मोबाइल फोन.

पण या तिघांच्या आधी दुर्बीण. सकाळचे सहा वाजलेले, दोन्ही चाकोऱ्यांवर दर अर्ध्या मीटरला चुन्याची टिंबे, तिपाईवर लेव्हल, आणि एक मुलगा स्टाफ घेऊन टिंबामागून टिंब वाकत चाललेला. दोन चाकोऱ्यांची मिळून आठशे वाचने. गुळगुळीत रस्ता असला तर पहिल्या श्रेणीसाठी याच टिंबांची दाटी दुप्पट करावी लागते आणि अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वाचावे लागते. इतक्या पहाटे का, हे विचारल्यावर मोजणीदाराने रस्त्याकडे बोट केले: नऊनंतर डांबरावरून झळा उठू लागतात आणि स्टाफवरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे हलतात. सबंध तालुक्याचे रस्ते अशा रीतीने मोजायचे म्हटले तर माणसाचे आयुष्य पुरायचे नाही, म्हणूनच तर चाकांवरची यंत्रे हवीत. आणि ती यंत्रे खरी की खोटी हे मात्र या वाकलेल्या मुलावाचून ठरत नाही.

दुर्बिणीहून सोपी एक युक्ती इंग्लंडच्या परिवहन संशोधन प्रयोगशाळेतल्या कंडिल यांनी शोधली आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. मर्लिन हे तिचे नाव. सायकलच्या चाकाचे एक ढकलगाडे. जमिनीवर टेकणाऱ्या दोन टोकांत १.८ मीटर अंतर, बरोबर मध्ये एक चाचपणारा पाय, आणि त्याची उंचसखलता दहापटीने मोठी करून दाखवणारा लांब दांडा. चाकाच्या एकेका फेरीला थांबायचे, दांडा जेथे येईल तेथे कागदावर फुली मारायची. अशा दोनशे फुल्या झाल्या की दोन्ही टोकांच्या दहा-दहा सोडून उरलेल्यांचा पसारा किती रुंद ते मोजायचे, आणि त्यावरून निर्देशांक काढायचा. गावातला वेल्डर ते बनवू शकेल, हेच त्याचे तत्त्वज्ञान.

मग जीप सुटली. पाच फेऱ्या, प्रत्येक ३२ च्या वेगाने. निघण्यापूर्वी हवा तपासली, टाकीत किती डिझेल आहे ते लिहिले, आत कोण कोण बसले हेही लिहिले. चौथ्या फेरीचा आकडा इतरांच्या बाहेर आला, तेव्हा प्रमुख अभियंत्याने यंत्राला हात न लावता आधी विचारले, "मागं कोण होतं रे?" कोणीच नव्हते, मदतनीस चहाला उतरला होता. त्याला परत बसवून फेरी पुन्हा घेतली. एकाच यंत्राने त्याच रस्त्यावर तेच उत्तर पुन:पुन्हा द्यावे, ही पहिली कसोटी. पण ती उत्तीर्ण झालेले यंत्र खरेही बोलते असे नव्हे, कारण नेहमी पाच मिनिटे पुढे असणारे घड्याळही अत्यंत सुसंगत असते. दुर्बिणीच्या उत्तराशी ताळा हा पुढचा जिना.

याच ठिकाणी एक सफाईदार फसवणूक होऊ शकते आणि ती करणाऱ्यालाही बहुधा कळत नाही. उत्कृष्ट महामार्ग आणि फुटलेला गाडीरस्ता या दोन टोकांवर यंत्र तपासले तर आलेखावरची रेघ मोठी देखणी येते, सहसंबंध जवळपास एक निघतो, आणि विक्रेता तो आलेख चौकटीत लावून ठेवतो. पण आजी वृद्ध आणि नातू लहान हे सांगायला पंचांग लागत नाही. यंत्राची खरी परीक्षा मधल्या रस्त्यांवर असते, जेथे डागडुजी यंदा करायची की पुढच्या वर्षी हे ठरायचे असते. आणि तेथे तीच देखणी रेघ दोन वेगळ्या रस्त्यांना एकच आकडा देऊन मोकळी होते.

लेसरची नजर

लेसरची मोटार ही दुसऱ्या घराण्यातली. तिचे मूळ १९६० च्या दशकात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत स्पँगलर आणि केली यांनी केलेल्या कामात आहे. गाडीच्या सांगाड्यावरचा त्वरणमापक सांगाडा किती वर-खाली झाला ते दोनदा संकलन करून काढतो, लेसर सांगाड्यापासून रस्ता किती खाली आहे ते मोजतो, आणि पहिल्यातून दुसरे वजा केले की गाडीची उडी निघून जाते व रस्त्याची रेषा तेवढी उरते. गाडीचे खाते आणि रस्त्याचे खाते येथे प्रथमच खऱ्या अर्थाने वेगळे होते. म्हणूनच मोठ्या जाळ्यांच्या सर्वेक्षणासाठी हीच जात पसंत केली जाते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ मध्ये अशी वाहने २३ राज्यांतल्या सुमारे २१ हजार किलोमीटरवर फिरवण्याचे जाहीर केले.

पण तिलाही आपले मानापमान आहेत. तिच्या पहिल्याच फेरीत वळणावरून मेंढरांचा कळप आला. मेंढपाळाने हात वर केला, मोटार गोगलगाईच्या गतीवर आली, आणि तेवढा तुकडा रद्द झाला, कारण वेग फार मंदावला की त्वरणमापकाच्या हाती खऱ्या हालचालीपेक्षा स्वतःची चूकच अधिक लागते आणि दुहेरी संकलनात ती व्याजासारखी चढत जाते. दुसरे असे की, अगदी बारीक ठिपक्याचा लेसर खडी उघडी पडलेल्या पृष्ठभागावर दोन खड्यांमधल्या फटीत उतरतो आणि तीही इमानेइतबारे नोंदवतो. टायर मात्र त्या फटीवरून सहज जातो. सिमेंटच्या रस्त्यावर आडव्या खाचा आणि सांधे हीच गंमत करतात.  अशा रस्त्यावर हे यंत्र नेण्यापूर्वी त्याचा ठिपका किती रुंद आहे हे विचारून घेणे हिताचे.

फोनबद्दल थोडक्यात. तो हादरे नोंदवतो, जागा सांगतो, आणि फुकट आहे. पण तो आसावर नसून काचेवर आहे, काच गाडीवर आहे, आणि गाडी पुन्हा त्याच शॉकअपवर आहे. पुढच्या गावाला जाताना मोठा खड्डा कुठे आहे हे तो नक्की सांगेल. चौथ्या श्रेणीतून तिसरीत जायचे असेल तर त्यालाही त्या आठशे टिंबांवरून जावे लागेल.

जहाजासारखी गाडी

माझ्या मनात रेंगाळलेली गोष्ट मात्र दुसरीच होती. येताना काळ्या-पिवळ्याचा चालक आणखी एक वाक्य बोलला होता: "इथून पुढं गचके नाहीत साहेब, पण गाडी जहाजावानी डुलायली बघा." दुपारी झाडाखाली मी ते सर्वेक्षणाच्या प्रमुख अभियंत्याला सांगितले. त्याने कॅल्क्युलेटर काढला. गाडीचा सांगाडा सेकंदाला साधारण दीड वेळा डुलतो आणि चाक सुमारे दहा वेळा थडथडते, हे गाड्यांचे स्वभावधर्म. ताशी ८० च्या वेगाने या दोन स्वभावांना जागे करणाऱ्या लाटा अनुक्रमे सुमारे १५ आणि सव्वादोन-अडीच मीटर लांबीच्या. कल्पित गाडीचा निर्देशांक याच लांबींना सर्वाधिक दाद देतो. पण ३२ च्या वेगाने तोच हिशेब मांडला तर लांबी येते सुमारे सहा मीटर आणि एक मीटरच्या आत. म्हणजे जुना इंटिग्रेटर जो रस्ता ऐकतो आणि नवा निर्देशांक जो रस्ता ऐकतो, ते एकाच जागी असून एक नाहीत. काळी जमीन जेथे लांब लाटांनी उचलते, तेथे मंद चालणारे यंत्र आकडा बरा देईल आणि भरधाव मोटार डुलत राहील. एकाचा आकडा दुसऱ्यात बदलण्याचे सूत्र मार्गदर्शिकांत आहे, आणि त्याप्रमाणे २००० मिलिमीटर म्हणजे निर्देशांक सुमारे २.८, परंतु ते सूत्र सरासरी रस्त्यासाठी आहे.

"आणि आमच्या इथं सरासरी रस्ता नसतो," तो म्हणाला.

संध्याकाळी वाचने जुळवताना बाहेरच्या चाकोरीत दीडशे मीटरच्या आसपास एक सौम्य खळगी निघाली, जी लेसरने दाखवली होती, इंटिग्रेटरने जवळपास गिळली होती, आणि शेजारी पाहतो तो एक जुनी बाभूळ. बांधावरून इतका वेळ आमचा खेळ पाहणारा शेतकरी तेव्हा जवळ आला आणि काय मोजायलाव म्हणून विचारू लागला. सांगितल्यावर तो हसला. "आता मोजून काय कामाचं? पाऊस पडू द्या. हा तुकडा वर येतो की."

अभियंत्याने त्याला विचारले, किती वर येतो, कोणत्या महिन्यात, यंदा अजून पाऊस झाला का. मग त्याने मदतनिसाकडून रंगाचा डबा मागवला, तुकडीच्या आरंभीच्या दगडावर त्या दिवसाची तारीख लिहिली, आणि थोडे थांबून तिच्याखाली आणखी एक ओळ घातली: पावसापूर्वी.